न लिहिलेली एक ओळ आणि रद्द झालेलं १२.८ कोटी युरोंचं ॲवॉर्ड: एक प्रकरण अभ्यास

ह्या प्रकरणाचे बहुतेक कागद सार्वजनिक आहेत, शोधलं तर नावंही सापडतात, पण मी इथे कुणाचंच नाव घेणार नाहीये. मला त्या तीन-चार क्षणांबद्दल लिहायचंय जिथे कुणीतरी वेगळं वागलं असतं तर साडेसहा वर्षांची मेहनत पाण्यात गेली नसती. गुंतवणूकदार आणि सरकार यांच्यातल्या लवादाबद्दल (कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचांकडून होणारा निवाडा, त्याच्या निकालाला ॲवॉर्ड म्हणतात) वाचताना आपण सगळे आकड्यांकडे बघतो, किती कोटी मागितले, किती मिळाले, आणि प्रक्रियेचा भाग कंटाळवाणा म्हणून सोडून देतो. ह्या केसमध्ये सगळं त्या कंटाळवाण्या भागातच घडलं.

पार्श्वभूमी

युरोपातल्या एका देशाने २००७ च्या सुमारास सौरऊर्जेला चालना द्यायला आकर्षक दर जाहीर केले. ग्रिडला दिलेल्या विजेमागे ठरलेली जादा रक्कम, आणि तीही दीर्घकाळ. त्या भरवशावर परदेशी गुंतवणूकदारांनी आरशांनी उष्णता गोळा करून वीज बनवणाऱ्या तीन प्रकल्पांत पैसे घातले. पुढे आर्थिक संकट आलं, वीज क्षेत्रातली तूट वाढत गेली, आणि २०१३-१४ मध्ये सरकारने जुनी पद्धतच काढून टाकली. नवीन नियमात तुमचा खरा खर्च किती झाला ह्याला महत्त्व नव्हतं, सरकारने कागदावर एक 'प्रमाणित' प्रकल्प कल्पून त्याच्या खर्चावर परतावा ठरवला.

गुंतवणूकदार १९९४ च्या एनर्जी चार्टर ट्रीटीखाली, म्हणजे ऊर्जा क्षेत्रातल्या परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, इक्सिडकडे गेले. इक्सिड म्हणजे जागतिक बँकेच्या छत्राखालचं, १९६५ च्या वॉशिंग्टन कन्व्हेन्शनने तयार झालेलं केंद्र. केस २०१३ च्या शेवटी नोंदली गेली. तीन जणांचं ट्रिब्युनल बसलं, एक लवाद (म्हणजे पंच) गुंतवणूकदारांनी नेमलेला, एक सरकारने, आणि एक अध्यक्ष. ४ मे २०१७ ला ॲवॉर्ड आलं, तिघांचं एकमत होतं, सरकारने न्याय्य वागणुकीचं कलम मोडलं असं ठरलं आणि १२.८ कोटी युरो अधिक व्याज द्यायला सांगितलं. मागणी ह्यापेक्षा बरीच जास्त होती, करांपोटी मागितलेली वेगळी रक्कम तर पूर्ण फेटाळली, पण जी रक्कम दिली ती बऱ्याच अंशी गुंतवणूकदारांच्या आर्थिक तज्ज्ञाच्या हिशोबावर उभी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच कळीची ठरते.

ॲनलमेंट म्हणजे नक्की काय

इथे खूप जणांचा घोटाळा होतो म्हणून थोडं थांबतो. इक्सिडच्या ॲवॉर्डवर अपील नाही. कन्व्हेन्शनच्या कलम ५३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, कुठल्याही देशाच्या कोर्टात जाऊन ते रद्द करून घेता येत नाही. इतर नियमांखाली झालेल्या लवादात ज्या देशात लवादाचं 'सीट', म्हणजे कायदेशीर ठिकाण, आहे तिथल्या कोर्टात जाता येतं, इक्सिडमध्ये तो रस्ताच बंद आहे. ॲवॉर्ड रद्द करून घ्यायला, म्हणजेच ॲनलमेंटला, उरतं फक्त कलम ५२, आणि त्यात पाचच कारणं: ट्रिब्युनल नीट स्थापन झालं नव्हतं, ट्रिब्युनलने उघडउघड आपल्या अधिकाराबाहेर जाऊन काम केलं, एखाद्या लवादाने भ्रष्टाचार केला, प्रक्रियेच्या मूलभूत नियमापासून गंभीर फारकत झाली, किंवा ॲवॉर्डमध्ये कारणं दिली नाहीत. बस. कायदा चुकीचा लावला, पुरावा चुकीचा वाचला, हे ह्यात कुठेच बसत नाही. २००७ मध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या सीएमएस केसमध्ये ॲनलमेंटचा अर्ज ऐकणाऱ्या कमिटीने ट्रिब्युनलच्या कायदेशीर चुका खुलेपणाने दाखवून दिल्या आणि तरीही ॲवॉर्डचा मुख्य भाग तसाच ठेवला, कारण कमिटी म्हणजे अपील कोर्ट नव्हे. हरलेल्या पक्षाला हे पचवणं फार जड जातं, पण नियम तसाच आहे.

अर्ज ऐकायला तीन जणांची वेगळी कमिटी बसते. ती नेमतो इक्सिडच्या प्रशासकीय परिषदेचा अध्यक्ष, म्हणजे पदसिद्ध जागतिक बँकेचा अध्यक्ष, पक्षकारांचा त्यात हात नसतो, आणि मूळ ट्रिब्युनलमधला कुणीही तिच्यात बसू शकत नाही.

प्रश्न कुठे उभा राहिला

गुंतवणूकदारांनी नेमलेला लवाद हा त्याच काळात एका मोठ्या लॉ फर्ममध्ये वकील म्हणूनही काम करत होता. ह्या क्षेत्रात ह्याला डबल हॅटिंग म्हणतात, एका केसमध्ये लवाद, दुसऱ्या केसमध्ये वकील. त्यावर बंदी नव्हती, कित्येक जण करायचे. पण वकील म्हणून तो ज्या केसेस लढवत होता त्यात नुकसानभरपाईचा आकडा काढायला त्याची बाजू एका ठराविक सल्लागार कंपनीला नेमत आली होती, आणि काही केसेसमध्ये तर माणूसही तोच, ज्याने आपल्या ह्या सौरऊर्जेच्या केसमध्ये गुंतवणूकदारांसाठी रिपोर्ट दिला होता. शिवाय हे काही फार जुनं नव्हतं, त्यातल्या काही केसेस ही केस चालू असतानाच समांतर चालू होत्या. म्हणजे एका खोलीत तो तज्ज्ञ साक्षीदार म्हणून समोर बसलाय आणि हा त्याच्या आकड्यांचं वजन ठरवतोय, आणि दुसऱ्या केसमध्ये दोघं एकाच टीमसाठी काम करतायत.

सरकारला हे माहीत नव्हतं, निदान सरकारचं म्हणणं तसं होतं. ॲवॉर्ड आल्यानंतर ते समोर आलं.

आता तो कागद बघू. त्या वेळी लागू असलेल्या २००६ च्या नियमांत नियम ६ होता. प्रत्येक लवादाने पहिल्या बैठकीपर्यंत एक घोषणापत्र सही करून द्यायचं. त्याला जोडून दोन गोष्टी लिहायच्या: पक्षकारांशी असलेले आधीचे आणि आत्ताचे संबंध, आणि 'इतर कोणतीही परिस्थिती' जिच्यामुळे एखादा पक्ष माझ्या स्वतंत्र विवेकबुद्धीवर शंका घेऊ शकेल. आणि शेवटी एक वाक्य, की केस चालू असताना असं काही उद्भवलं तर मी तातडीने कळवीन, ही जबाबदारी माझ्यावर सतत आहे. तज्ज्ञ हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता.

पहिल्या बैठकीच्या वेळी तज्ज्ञ कोण येणार हे बहुतेकदा ठरलेलंही नसतं, त्यामुळे सहीच्या दिवशी चूक झाली असं म्हणता येत नाही. माझ्या मते खरा क्षण नंतरचा होता, ज्या दिवशी गुंतवणूकदारांचं मेमोरियल, म्हणजे सविस्तर लेखी म्हणणं, आलं, त्याला जोडलेला आर्थिक रिपोर्ट आला आणि त्याच्या पहिल्या पानावर ओळखीचं नाव दिसलं. त्या दिवशी इक्सिडच्या सेक्रेटरी जनरलला चार ओळींचा ईमेल गेला असता तर पुढचं सगळं प्रकरण कदाचित झालंच नसतं.

सरकारपुढचे पर्याय

४ मे नंतर घड्याळ सुरू झालं, आणि ह्या व्यवस्थेत प्रत्येक वाटेची मुदत वेगळी आहे.

पहिली वाट, पैसे देऊन मोकळं होणं किंवा वाटाघाटी. पण ह्याच नियमबदलांवरून त्या देशाविरुद्ध इतर कितीतरी केसेस रांगेत होत्या, त्यामुळे इथे मान तुकवली तर बाकीच्या केसेसमध्ये काय संदेश जाईल हा प्रश्न सरकारच्या डोक्यात नक्कीच असणार.

दुसरी, ४५ दिवसांत ट्रिब्युनलकडेच राहून गेलेला मुद्दा किंवा आकडेमोडीतली चूक दुरुस्त करून मागणं. त्याने निकाल उलटत नाही. एक फायदा मात्र असतो जो बरेच जण विसरतात, असा अर्ज केला तर ॲनलमेंटची मुदत त्या अर्जावरच्या निर्णयापासून मोजली जाते.

तिसरी, कलम ५१ खाली रिव्हिजन, म्हणजे नवीन तथ्य सापडलं म्हणून फेरविचार. तथ्य कळल्यापासून ९० दिवस. वरवर बघितलं तर ही वाट ह्या केसला अगदी फिट वाटते, नवीन तथ्यच तर सापडलंय. पण रिव्हिजनचा अर्ज शक्य असेल तर त्याच ट्रिब्युनलसमोर जातो! ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यालाच, त्याच्या दोन सहकाऱ्यांसकट, सांगायचं की तुझा संबंध निर्णायक होता. ही वाट कागदावर आहे पण अशा तक्रारीसाठी ती चालत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

चौथी म्हणजे ॲनलमेंट, १२० दिवस. ४ मे पासून मोजलं तर १ सप्टेंबर. भ्रष्टाचाराचा आरोप असेल तरच ही मुदत कळल्यापासून मोजतात आणि जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत ताणता येते, इथे तसा आरोप नव्हता, म्हणजे १ सप्टेंबर ओलांडला की विषय संपला. संबंधांची माहिती २ सप्टेंबरला कळली असती तर ह्या दाराने काहीच करता आलं नसतं, आणि हे मला ह्या व्यवस्थेतलं एक मोठं भगदाड वाटतं.

काय केलं

सरकारने मुदतीची वाट न बघता जुलैमध्येच ॲनलमेंटचा अर्ज केला. अर्जातच स्टे मागितला की अंमलबजावणीला आपोआप तात्पुरता स्टे मिळतो, कमिटी त्यावर निर्णय देईपर्यंत, म्हणून पहिल्याच अर्जात ती मागणी घालणं हे अशा केसमधलं पहिलं काम. खर्चाचंही लक्षात घ्यावं लागतं, ॲनलमेंटमध्ये कमिटीचा आगाऊ खर्च एकट्या अर्जदाराने भरायचा असतो, मूळ केससारखा निम्मा-निम्मा नाही.

अर्जात सरकारने एकच कारण दिलं नाही. ट्रिब्युनलची स्थापना, अधिकाराबाहेर जाणं, प्रक्रियेतली फारकत, कारणं न देणं, सगळं घातलं. युरोपीय संघातल्या अंतर्गत वादात एनर्जी चार्टर लागूच होत नाही हा अधिकारक्षेत्राचा मुद्दाही होता, आणि मार्च २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने आखमेया निकाल दिल्यावर (संघातल्याच दोन देशांच्या करारातलं असं लवादाचं कलम संघाच्या कायद्यात बसत नाही) त्याला अजून जोर आला. वकील हे असं का करतात ते समजतं, १२० दिवसांनंतर नवीन कारण घुसवता येत नाही. पण सगळी कारणं सारख्याच आवाजात मांडली की कमिटीला वाटतं हा हरलेला पक्ष पुन्हा केस लढतोय. इथे लवादाच्या संबंधांचा मुद्दा तथ्यांवर उभा होता, तारखा होत्या, केसेसची नावं होती, म्हणून तो गर्दीतही उठून दिसला.

कमिटीसमोरची खरी लढाई

कमिटीने तीन प्रश्नांची चौकट घेतली, जी २०१६ मध्ये अर्जेंटिनाच्या ईडीएफ केसमधल्या कमिटीने मांडली होती.

एक, हा मुद्दा उपस्थित करायचा हक्क सरकारने आधीच गमावलाय का. गुंतवणूकदार म्हणाले ही माहिती लपलेली नव्हती, शोधली असती तर सापडली असती. प्रश्न वाजवी आहे, सरकारकडेही मोठी लीगल टीम असते. पण कमिटीने उघड करण्याची जबाबदारी लवादाची मानली, आणि सरकारला आधी माहीत होतं असं काही सिद्ध झालं नाही. मला हे पटतं. समोरच्या पक्षाने लवादाच्या प्रत्येक जुन्या केसची तज्ज्ञांची यादी खणून काढावी अशी अपेक्षा ठेवली तर मग घोषणापत्रावर सही कशाला घ्यायची?

दोन, सगळी माहिती असलेल्या तिऱ्हाईत माणसाला ह्यात पक्षपाताची शक्यता उघड दिसेल का. इथे लक्षात घ्या, लवाद खरोखर पक्षपाती होता असं कुणी सिद्ध केलं नाही आणि करायची गरजही नव्हती. प्रश्न दिसण्याचा होता. गुंतवणूकदारांचं म्हणणं होतं की वकील आणि तज्ज्ञ यांचं नातं व्यावसायिक असतं, तज्ज्ञ स्वतंत्र असतो. पण ज्याने कधी वकील म्हणून तज्ज्ञाबरोबर काम केलंय त्याला माहितीये की रिपोर्टचे ड्राफ्ट फिरतात, कॉल होतात, उलटतपासणीची तयारी एकत्र होते, कुठला आकडा टिकेल आणि कुठला नाही ह्यावर तासन्‌तास बोलणं होतं. विश्वास तयार होतो, आणि नेमका तोच विश्वास लवाद म्हणून बाजूला ठेवायचा असतो. कमिटीने उत्तर होकारार्थी दिलं.

तीन, आणि हा सगळ्यात अवघड, ह्याचा ॲवॉर्डवर महत्त्वाचा परिणाम झाला असू शकतो का. एकमताचं ॲवॉर्ड असल्याने गुंतवणूकदारांचा हा सगळ्यात बळकट मुद्दा होता: एका लवादाला बाजूला काढा, तरी दोघांनी तोच निर्णय दिलाच असता, मग फरक काय पडला? कमिटीने हे मानलं नाही. तीन लवाद बंद खोलीत बसून चर्चा करतात, एकाचं मत दुसऱ्याच्या मतावर परिणाम करतं, म्हणूनच तर तिघांचं ट्रिब्युनल असतं. त्यातून तिसऱ्याचं मत चिमट्याने उचलून बाजूला ठेवता येत नाही. शिवाय नुकसानभरपाईचा आकडा त्याच तज्ज्ञाच्या कामावर आधारलेला होता, म्हणजे संबंध आणि निकाल ह्यांच्यात थेट धागा होता. ह्यामुळे सरकारला वेगळा निकाल मिळण्याची शक्यता गमवावी लागली असू शकते, एवढं पुरेसं ठरलं.

ह्याच्या शेजारी २०१० चा विवेंडी निकाल ठेवून बघा. तिथे एक लवाद अशा बँकेच्या संचालक मंडळावर होती जिच्याकडे पक्षकार कंपनीचे शेअर होते, कमिटीने तिच्यावर कडक टीका केली, पण ॲवॉर्ड रद्द केलं नाही. उघड न करणं ही चूक दोन्हीकडे होती, पण सौरऊर्जेच्या केसमध्ये ती थेट आकड्याच्या हिशोबाला जाऊन चिकटली होती.

निकाल

११ जून २०२० ला कमिटीने संपूर्ण ॲवॉर्ड रद्द केलं, ट्रिब्युनलची स्थापना नीट नव्हती आणि प्रक्रियेच्या मूलभूत नियमापासून गंभीर फारकत झाली, ह्या दोन कारणांवर. बाकीच्या कारणांत जायची गरजच उरली नाही. नुकसानभरपाईचा भाग तेवढा कापून जबाबदारीचा भाग ठेवता आला नसता का असं मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं, पण ट्रिब्युनलच नीट स्थापन झालं नसेल तर त्याने दिलेला कुठलाच भाग उभा राहत नाही.

वेळ बघा. चारच महिने आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टात हेच गुंतवणूकदार ॲवॉर्ड वसूल करायला गेले होते आणि तिथे सरकारचा सार्वभौम संरक्षणाचा, म्हणजे परदेशी सरकारवर इथल्या कोर्टात दावा चालत नाही असा, बचाव फेटाळला गेला होता. वसुलीची वाट मोकळी होत होती आणि ज्या कागदावर ती वसुली उभी होती तोच गेला.

गुंतवणूकदारांना कलम ५२ नुसार वाद नव्या ट्रिब्युनलकडे न्यायची मुभा राहते. पण कमिटी स्वतः नवीन आकडा ठरवू शकत नाही, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, नवीन लवाद, नवीन रिपोर्ट, नवीन सुनावणी. नियमबदल न्याय्य होता की नव्हता, ज्यासाठी हे सगळं सुरू झालं, त्या प्रश्नावर कमिटीने एक शब्दही म्हटला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

लवादाच्या बाजूने उत्तर वर आलंच, रिपोर्ट हातात आला त्या दिवशी कळवायचं. कळवलं असतं तर सरकारने कदाचित आक्षेप घेतला असता, तो आक्षेप उरलेल्या दोन लवादांनी ऐकला असता, आणि स्वतंत्रपणाचा 'उघड दिसणारा' अभाव हा निकष एवढा चढा आहे की तो फेटाळलाही गेला असता. पण मग ॲवॉर्ड खूपच मजबूत राहिलं असतं, कारण माहिती असून गप्प बसणाऱ्या पक्षाला नंतर तोंड उघडता येत नाही.

गुंतवणूकदारांच्या वकिलांबद्दल मात्र मला जास्त वाईट वाटतं, आणि थोडा रागही येतो. लवाद त्यांनी निवडला, तज्ज्ञही त्यांनीच निवडला. ह्या दोघांनी आधी एकत्र काम केलंय का, हे दोघांनाही एक फोन करून विचारता आलं असतं. सल्लागार कंपनीकडे तर स्वतःच्या केसेसची यादी असतेच. आपल्या बाजूला झुकणारा लवाद मिळाला म्हणून खूश होणारे क्लायंट मी वाचनात खूप बघितलेत, पण झुकल्यासारखा दिसणारा लवाद हा जिंकणाऱ्या पक्षासाठीच सगळ्यात मोठा धोका असतो, कारण ॲनलमेंट फक्त ॲवॉर्ड जिंकलेल्याकडूनच काहीतरी काढून घेऊ शकते.

सरकारनेही तज्ज्ञाचा रिपोर्ट आला तेव्हाच ट्रिब्युनलला एक पत्र लिहायला हवं होतं: कुणाही लवादाचे ह्या तज्ज्ञाशी किंवा त्याच्या कंपनीशी संबंध आहेत का, कृपया कळवा. त्यात कुणाचा अपमान नाही. उत्तर 'नाही' आलं असतं तर सरकारची बाजू अजून बळकट झाली असती, 'हो' आलं असतं तर तीन वर्षं वाचली असती.

१ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या इक्सिडच्या नवीन नियमांत घोषणापत्र बदललंय. आता लवादाला मागच्या पाच वर्षांतले संबंध लिहावे लागतात, पक्षकारांशी, त्यांच्या वकिलांशी, ट्रिब्युनलच्या इतर सदस्यांशी, आणि त्या वेळी माहीत असलेल्या तज्ज्ञांशीसुद्धा. आक्षेप घ्यायलाही आता पक्की मुदत आहे, २१ दिवस. इंटरनॅशनल बार असोसिएशनच्या २०२४ च्या गाइडलाइन्समध्येही, लवाद दुसऱ्या केसमध्ये वकील म्हणून ज्या तज्ज्ञाला काम देतोय तोच इथे साक्षीला आला तर ते सांगण्याजोगं आहे, असं आता यादीत आलंय. 'त्या वेळी माहीत असलेल्या' ह्या शब्दांमुळे जुनी अडचण थोडी शिल्लक आहेच, तज्ज्ञाचं नाव अजूनही सहीनंतरच येतं. त्यामुळे रिपोर्ट दाखल झाला की त्याच आठवड्यात घोषणापत्र पुन्हा उघडून बघायची तारीख प्रोसिजरल ऑर्डर नंबर एकमध्येच, म्हणजे केस कशी चालवायची हे ठरवणाऱ्या पहिल्या आदेशातच, घालून घ्यावी.